पाण्यावरच्या खळ्या

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आले एकदाची! संगमनेरहून सामान घेऊन निघालेला टेम्पो पारनेरच्या अलीकडे दोनदा बंद पडला, कपाटाचा आरसा तडकला आणि माझ्या तीन कुंड्या वाटेतच गेल्या. तरी मी खूश आहे. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, खडूने फळ्यावर किड्यांचे पाय काढले, आणि दरवर्षी कोणीतरी "बाई, हा कोळी आहे का?" असं विचारून माझं डोकं खाल्लं. आता निवृत्ती. आता खरे किडे, खरा कॅमेरा, आणि तास संपल्याची घंटा नाही.

घर म्हणजे गावापासून दोन किलोमीटर आत, मळ्यातल्या वस्तीवरच्या दोन खोल्या. पुढच्या घरात मालकीण गोजरबाई आणि त्यांचा मुलगा वाल्मिक, तिशीचा, बिनलग्नाचा, टेम्पोत कांदा भरून नगरच्या मार्केटला नेणारा. घरात तिसरं माणूस नाही. माझ्या मागच्या दारापासून वीस पावलांवर शेततळं आहे. ते पाहूनच तर मी ही जागा घेतली. डाळिंबाच्या बागेसाठी खणलेलं, आतून प्लॅस्टिकचा निळा कागद अंथरलेला. आणि त्या पाण्यावर पाणनिवळ्या! लांब पायांचे, न बुडता पाण्यावर सरसर चालणारे ते किडे. शंभर तरी असतील. पुण्याच्या प्रकाशकाला माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी नेमका त्यांचाच फोटो हवाय.

गोजरबाईंनी चहा दिला आणि चहाबरोबर एक हुकूम. तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत, ते काढायचे नाहीत. कागदावर शेवाळ धरतं, पाय घसरला की पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही लागत नाही. त्या स्वतः रोज सकाळी चारही दोर ओढून बघतात म्हणे. मी मान डोलावली. माझ्यापेक्षा कडक बाई मला पहिल्यांदाच भेटली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कामाची वेळ ठरली: अकरा ते एक. ऊन डोक्यावर हवं. काठावर पोतं टाकून पालथी पडते, कॅमेरा पाण्याच्या पातळीला धरते. वाल्मिक गोजरबाईंना विचारत होता म्हणे, की बाई पालथ्या पडून पाण्याला काय सांगतात. विचारू दे.

पाणनिवळीचं वजन इतकं कमी की पाण्याचा वरचा पापुद्रा फाटत नाही, पायाखाली नुसता दबतो. गालाला पडते तशी पाण्याला खळी पडते. ऊन त्या खळीतून पसरतं आणि खाली कागदावर काळी गोल सावली पडते, कडेला उजेडाची रेघ. किडा काडीएवढा आणि सावल्या आठ आण्याच्या नाण्याएवढ्या म्हटलं तरी चालेल, इतक्या त्या फुगतात! आज दोनशे फोटो काढले. त्यातला एकही धड नाही. किडे काठाजवळ येतच नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

युक्ती सापडली, म्हणजे आठवली. पाणनिवळ्या शिकार डोळ्यांनी नाही, पायांनी ओळखतात. माशी पाण्यात पडली, पंख आपटू लागली, की त्या लहरी त्यांच्या पायांना कळतात, आणि सगळ्या धावत येतात. सोंड खुपसून आतला रस शोषतात, वरचं टरफल सोडून देतात. बुडणाऱ्याची धडपड ही त्यांची जेवणाची घंटा.

मग मी कडुलिंबाच्या काडीला माझा एक पांढरा केस बांधला आणि त्याचं टोक पाण्याला टेकवत राहिले. टप टप टप. थांबायचं. टप टप टप. एका मिनिटात बारा पाणनिवळ्या माझ्या नाकासमोर! शाळेत एवढ्या हाकेला बारा पोरं कधी आली नाहीत. फोटो इतके सुंदर आलेत की मीच मला शाबासकी दिली. गोजरबाईंना दाखवले. त्यांनी लांबूनच बघितले आणि काडीने पाण्यावर टप टप काय करत होते ते विचारलं. मी सांगितलं. त्या तशाच घरात गेल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक विचित्र गोष्ट दिसली, ती जशीच्या तशी लिहून ठेवते.

काडी टपटपवत होते. पाणनिवळ्या आल्या, आणि एकदम सगळ्या पांगल्या. मला वाटलं माझी सावली पडली. कॅमेरा चालूच होता. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले, तर मागे, तळ्याच्या मध्यावर, पाण्याला दोन खळ्या पडल्यात. लांबट, शेजारी शेजारी. त्यांच्यावर किडा नाही, पान नाही, काहीच नाही. वारा असता तर सगळं पाणी हललं असतं. पुढच्या फोटोत त्याच दोन खळ्या हातभर अलीकडे.

कॅमेऱ्याचं भिंग पुसलं. कार्ड बदललं. तीस वर्षं पोरांना एकच सांगितलं, की दिसलं ते आधी नोंदवा, अर्थ नंतर लावा. ही नोंद.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाच दिवस रोज टपटपवलं, रोज त्या आल्या, आणि रोज थोड्या जवळ. आज काठापासून दहा फुटांवर. आता आकार स्पष्ट आहे. टाच, चवडा, बोटं. कोणीतरी पाण्यावर उभं आहे, आणि ते इतकं हलकं आहे की पाणी नुसतं दबतं. उजव्या पावलाला पाच बोटं, डाव्याला चार.

मला भीती वाटली, हे कबूल करते. पण त्याहून जास्त आनंद झाला. असा फोटो जगात कोणाकडे नसेल. या वयात माणसाला असं काही मिळतं आणि ते दाखवायला शेजारी कोणी नसतं, म्हणून मी कॅमेरा घेऊन पुढच्या घरात गेले. तिथं चुकले.

गोजरबाईंनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. डाव्या पावलावर बोट ठेवलं. रुपालीची करंगळी लहानपणी बैलाच्या पायाखाली गेली होती.

रुपाली त्यांची मुलगी. बावीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी मोटारीच्या पाइपात अडकलेलं शेवाळ काढायला तळ्यात उतरली, घसरली. तेव्हा दोर नव्हते. गोजरबाई शंभर पावलांवर कांदा खुरपत होत्या. पाण्यावर हात आपटल्याचा आवाज त्यांना ऐकू आला होता. "मला वाटलं पोर गोधड्या धुतीया," त्या म्हणाल्या, "आन् मी वाफा पुरा केला, बाई." वर काढलं तेव्हा पोरीला वजनच नव्हतं म्हणे. पाण्यात मेलेलं माणूस जड होतं म्हणतात, "माजी पोर कापसावानी हलकी, देवानं तिला तरास न्हाई दिला."

त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, उद्या अजून जवळ बोलवा.

२ मार्च, रविवार

गेला आठवडाभर आम्ही दोघी काठावर बसतोय. मी काडी टपटपवते, गोजरबाई पदराने ऊन अडवत बघत राहतात. पावलं येतात. सहा फूट. चार फूट. त्या तिच्याशी बोलतात, कांद्याचं, वाल्मिकच्या लग्नाचं, शेजारच्या गाईला कालवड झाल्याचं. बोलताना त्यांचा चेहरा पोरीसारखा होतो.

मी त्यांना नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. खरं कारण लिहिते: चार फुटांवरून सावल्या कागदावर पडायला लागल्यात, आणि तसे फोटो मला हवे होते. त्यांतले काही मी गोजरबाईंच्या मोबाईलवरही पाठवले. त्यांनीच मागितले.

एक खटकतंय. पावलं येतात तेव्हा एकही पाणनिवळी थांबत नाही. सगळ्या पळून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. मोठा शिकारी आला की लहान पळतात, हे मी पोरांना शिकवायचे.

५ मार्च, बुधवार

आज गोजरबाई बाजाराला गेल्या होत्या. मी एकटीच गेले आणि काडी वापरली नाही. एक मोठा नाकतोडा धरून पाण्यात टाकला.

तो पाय झाडू लागला. पाणनिवळ्या निघाल्या, अर्ध्या वाटेवरून मागे फिरल्या. मग ती पावलं आली. चालत नाही. तीन उड्यांत. मधल्या अंतरात पाण्यावर काहीच नाही, आणि एकदम समोर दोन खळ्या, नाकतोड्याच्या दोन बाजूंना. तो थांबला. काडीने ओढून घेतला. हातावर ठेवला आणि माझ्या श्वासाने उडाला. आत काही नव्हतं. नुसतं टरफल.

कापसावानी हलकी.

ती रुपाली नाही. रुपालीला ज्याने संपवलं ते आहे, आणि तिची पावलं घालून फिरतंय. मायेने येत नाही ते. धडपड ऐकून येतं. आणि मी गेले तीन आठवडे त्याला रोज घंटा देतेय.

६ मार्च, गुरुवार

गोजरबाईंना सगळं सांगितलं. नाकतोडा दाखवला. मला वाटलं घाबरतील. त्यांनी ते टरफल ओंजळीत घेतलं. म्हणाल्या, "भुकेली हाय म्हना की. त्या दिशी भाकर न्हवती खाल्ली तिनं. रुसून गेल्ती."

मी ओरडले. ती तुमची पोर नाही म्हणून ओरडले, वर्गात ओरडायचे तशी. त्या म्हणाल्या, "तवा हाक मारली तिनं, मी न्हाई गेले. आता तुमी नगा आडवू."

काडी मोडून चुलीत घातली.

८ मार्च, शनिवार

काडीची गरज उरलेली नाही. त्या आता हातानेच करतात. काठावर बसून तळव्याने — थप थप थप.

वाल्मिकला सांगितलं. तुझी आई जीव देईल म्हणाले मी, सरळ तसंच म्हणाले. तळं रिकामं कर म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. बाग जळेल म्हणाला, पण खरं ते नाही. खरं नंतर बोलला. तीन वर्षांनी आई हसायला लागलीय, पोटभर जेवायला लागलीय, तिथं तिला बरं वाटतं. "बसू द्या बाई. दोर हायती की."

दोर आहेत. आज मीही चारही ओढून बघितले.

१० मार्च, सोमवार

आज दिवसभर त्यांच्याजवळ बसले. पदराचं टोक माझ्या मुठीत गुंडाळून. पावलं अगदी काठाला. त्यांच्या पायांपासून वीतभर. त्या वाकून हात लावणार — मी मागे ओढलं. माझ्यावर चिडल्या, मग रडल्या, मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

उद्या वाल्मिकला थांबवून घेते. दोघं मिळून त्यांना काष्टीला त्यांच्या बहिणीकडे नेऊन सोडू. तो तयार झालाय. एवढं जमलं पाहिजे. एवढं एक जमू दे.

११ मार्च, मंगळवार

गोजरबाई गेल्या.

वाल्मिक टेम्पोत डिझेल भरायला गेला. मी त्यांची पिशवी भरत होते, दोन लुगडी, चष्मा, गोळ्या. त्या परसात होत्या. थप थप ऐकू आलं. मी धावले. वीस पावलं आहेत ती. वीसच.

दोर पाण्यातच होता. गाठ त्यांच्या हाताशी होती. धरली नाही.

गावातून चार माणसं आली होती उचलायला. वाल्मिक एकटाच खांद्यावर घेऊन वर आला. सगळे त्याच्याकडे बघत होते. आंघोळ घालताना मी पाणी ओतत होते. कानाच्या मागे ठिपका होता, टाचणीने टोचल्याएवढा.

१३ मार्च, गुरुवार. होळी

वस्तीवर होळी नाही, सुतक आहे. सरकारी दवाखान्याने बुडून मृत्यू असं लिहून दिलं. मला कोणी दोष देत नाही. बायका येतात, माझ्याही गळ्यात पडतात. निदान शेवटी तुमची सोबत होती म्हणतात.

फोटो सगळे पुसून टाकले. मागच्या दाराला कुलूप.

२० मार्च, गुरुवार

दहावा. नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवला नाही.

दोन तास. वाल्मिक हात जोडून एक एक कबूल करत होता — लग्न करीन, बाग विकणार नाही, मावशीला सांभाळीन. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरलेच नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. वाल्मिक तेव्हापासून एकच म्हणतोय. आईचं काहीतरी राहिलं. काय राहिलं ते कळायला पाहिजे.

घरी आल्यावर मी एक मूर्खपणा केला. मला खात्री करायची होती — संपलं का. त्यांना घेऊन ते गेलं का. कुलूप काढलं. गेले. बोटाने तीनदा पाण्याला —

आलं.

एकच जोडी. डाव्या पावलाला आता पाच बोटं. रुंद टाचा, भेगाळलेल्या. भेगासुद्धा दिसत होत्या पाण्यात. रुपालीची पावलं कुठेच नाहीत.

मागे वाल्मिक उभा होता. कधीपासून कोण जाणे. त्याने आईच्या टाचा ओळखल्या.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळपासून समजावतेय. आई नाही ती. घातलेली पावलं आहेत. तो ऐकतो, मान हलवतो. आईच्या मोबाईलमधले फोटो त्याने पाहिलेत. सगळे. मी माझे पुसले, ते राहिले.

हात जोडले माझ्यापुढे. "बाई, तुमाला येतं. येकदा बोलवा. काय राह्यलं तेवढं इचारतो."

नाही म्हटलं. पाया पडला. तरी नाही म्हटलं.

मोटार चालू केली मी. तळं उपसून टाकायला. अर्ध्या तासात बंद. त्याने फ्यूज काढून खिशात घातला.

२२ मार्च, शनिवार

साडेअकरा. ऊन डोक्यावर.

तो काठावर बसलाय. खिडकीतून दिसतोय. दोन्ही तळवे — थप थप थप. आईपेक्षा जोरात.

जाऊन ओढलं. दोनदा. त्याने मला उचलून खोलीत आणून ठेवलं, हळूच, आणि बाहेरून कडी घातली. रागावला नाही. पाणी प्या म्हणाला.

गावात फोन केला. निघालेत. दहा मिनिटं म्हणतात. हात रिकामा राहिला की वेड लागेल म्हणून लिहितेय.

हाक मारतेय — बघत नाही.

दोर त्याने वर काढून ठेवलेत. चारही. आईच्या पायात येतील म्हणून. मोठ्याने सांगितलं मला तसं.

पाणनिवळ्या पळाल्या. सगळ्या कोपऱ्यात.

आठ मिनिटं —

त्याच्यासमोर पाणी दबलंय. दोन. त्याच्या गुडघ्यांपाशी. तो बोलतोय. विचारतोय काय राहिलं. कान पुढे करून ऐकतोय —

खाली वाकला. पायांना हात लावायला. आईच्या पाया पडतो तसा —

वाल्मिक, नको, मान वर कर, मान